ऐंशी मायक्रॉन

पडद्यावरचा डोळा मिटलेलाच.
छप्पन गिगाबॉड, आणि मधोमध गिचका,
ओल्या शाईवरून कुणी बाही ओढावी तसा.
डोळाच म्हणतात त्याला आमच्या धंद्यात.
शून्यं आणि एकं हजारो वेळा एकावर एक पाडली
की मध्ये जी मोकळी जागा उरते, ती.
उरली तर निरोप पोचला.
नाही उरली तर प्रकाश आला, गेला,
कुणाला पत्ताही नाही.

ओउलू, नोव्हेंबरअखेर, दुपारचे तीन.
खिडकीबाहेर दिवस कधीच आटोपलाय.
नदीवर बर्फ धरू की नको, असं चाललेलं.

अॅम्प्लिफायर माझा. आखणारा मीच.
सिम्युलेशनमध्ये त्याचा डोळा इतका टपोरा
की ओक्साहार्यू म्हणाला, छापून भिंतीला लाव.
लावला. अजून आहे.
त्या बाजूला मी फारसा बघत नाही.

डायोडमधून येतो तो करंट म्हणजे केवढा?
पलीकडच्या खोलीत कुणी
उशीत तोंड खुपसून बोलावं, तेवढा.
तो ऐकायचा, मोठा करायचा,
आणि पदरचं काही त्यात घालायचं नाही.
पण ऐकणाऱ्यालाही ऊब असते अंगाची.
रेझिस्टर नुसता बसून राहिला तरी खसखसतो.
फीडबॅकचा वाढवला, खसखस बसली, चालही बसली.
कमी केला, चाल आली,
मागोमाग खसखस, बोलावल्यासारखी.
तीन आठवडे हेच. रात्री डोळ्याला डोळा नाही,
हा विनोद मी स्वतःलाच दोनदा सांगितला.

राहिल्या तारा.
डायोडपासून चिपपर्यंत सोन्याची तार, केसाहून बारीक.
तार म्हणजे उपद्रव, हे मला पाठ.
म्हणून म्हटलं, आखूड करा.
मग म्हटलं, अजून.

तारा इर्मेली काउकोरांता जोडते.
बावीस वर्षं फोनच्या कारखान्यात होती.
तो बंद पडला तेव्हा उचलून आणलेला मग
अजून वापरते, कान तुटलेला.
इथे कुणीच फार बोलत नाही,
ती त्यांच्यातही कमी.
मायक्रोस्कोपवरून मान न काढता म्हणाली,
"ग्राउंडच्या आखूड, ते ठीक.
पण ही आत येणारी.
हिचा तू गळा धरलायस."

मी तिला इंडक्टन्स समजावला.
हो, समजावला. फळ्यावर, आकृती काढून.
तिने सगळं ऐकून घेतलं.
मग विचारलं, लहानपणी
बर्फावर पायाने रेटायची गाडी होती का तुझ्याकडे?
होती.
"रेटल्यावर ती लगेच धरलीस तर?
डायोडला वजन आहे. थोडं घसरू दे त्याला."

ऐंशी मायक्रॉन वाढवली तिने.
कमान किंचित उंच,
आणि न विचारता ग्राउंडच्या दोन तारा जास्त.
मग मग उचलून कॉफी आणायला गेली.

मी बायस चढवत गेलो.
आधी काही नाही.
मग त्या गिचक्यात एक फट,
दाराखालून दिसते तशी.
अजून थोडा. फट रुंदावली.
मी हात मागे घेतला,
जणू माझ्या श्वासाने ती बुजेल.

कडा अजून थरथरतात. जिटर आहे.
उजवीकडची पापणी जड.
खरं काय ते उद्या, चुका मोजल्यावर.
पण मध्ये जागा होती,
काळी, रिकामी, धुतल्यासारखी.

इर्मेली आली, बघितलं, "हं" म्हणाली.
भिंतीवरचा कागद काढायला मी खुर्चीवर चढलो
तर म्हणाली, राहू दे.
तो खोटा नाही.
त्याला तार नव्हती, एवढंच.

नंतर वहीत नोंद केली.
आतली तार: तीनशे ऐंशी मायक्रॉन.
शेजारी रकाना: कारण.
तिथे सूत्र लिहिलं, खोडलं.
बाहेर बर्फ उकरायची गाडी येऊन गेली.
शेवटी लिहिलं, इर्मेली,
आणि दिवा मालवला.